तुकतुकीत की तेलकट?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आपल्या मंडळाच्या काव्यवाचनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. बाहेर पाऊस, आत सभागृह भरलेलं, पंखे फिरत होते पण हवा हलत नव्हती. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. पहिल्या फोटोत मी बरी दिसते. शेवटच्या फोटोत माझं कपाळ, नाक आणि हनुवटी अशी चमकतेय की फ्लॅश मारायची गरजच नव्हती. एका मैत्रिणीने खाली लिहिलं, "अगं, काय ग्लो करतेयस!" दुसरीने लगेच उत्तर दिलं, "ग्लो नाही गं, तेल आहे ते."

सगळे हसले, मीही हसले. पण साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे मला त्या दोन शब्दांनी पकडलं. चमक एकच, मग एकीला ती 'ग्लो' का वाटली आणि दुसरीला 'तेल' का? आपल्या मराठीत तर यासाठी शब्दांची रांगच आहे. नव्या बाळाची कांती तुकतुकीत असते. नवरीच्या चेहऱ्यावर तेज असतं. भांडं चकचकीत असतं, रेशमाला झळाळी असते. आणि भज्यांचा कागद तेलकट असतो. प्रकाश सगळ्यांवरच पडतो, पण शब्द बदलला की कौतुकाची टीका होते. मिश्र किंवा तेलकट त्वचेवर नैसर्गिक, उजळ दिसणारा मेकअप करायचा म्हणजे दुसरं काही नाही. 'तेलकट'ला 'तुकतुकीत'कडे न्यायचं, एवढंच.

हा लेख लिहायचं दुसरं कारणही आहे. ते मधे सांगते. आधी त्वचा समजून घेऊ.

तेल येतं कुठून?

आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्या तेलाला सीबम म्हणतात. हातापायांवर या ग्रंथी तुरळक असतात, तळहात-तळपायांवर तर नसतातच. चेहऱ्यावर आणि डोक्यावर मात्र त्यांची गर्दी असते, एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९००. त्यातही कपाळ, नाक आणि हनुवटीचा पट्टा सर्वांत तेलकट. इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो म्हणून त्याला टी-झोन म्हणतात. वयात येताना हार्मोन्स या ग्रंथींना जागं करतात. म्हणजे कॉलेजच्या वयात चेहरा तेलकट असणं ही अस्वच्छता नाही आणि आजारही नाही. "नीट तोंड धुत जा" असं आंटी लोक सांगतात तेव्हा मी आता फक्त मान हलवते.

सगळा चेहरा तेलकट असेल तर ती तेलकट त्वचा. टी-झोन तेलकट पण गाल साधारण किंवा कोरडे असतील तर ती मिश्र त्वचा. आपली कुठली हे घरी कळतं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, काहीही न लावता तासभर थांबा, मग टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि गालांवर दाबा. कुठल्या तुकड्यावर डाग पडला ते बघा. माझ्या गालांचे तुकडे कोरडे निघाले आणि मी कितीतरी वर्षं सगळ्या चेहऱ्याला एकाच मापाने पावडर थापत होते हे कळलं. माझ्या मेकअपची पहिली चूक तीच होती.

आता चमकेबद्दल. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो, खडबडीत पृष्ठभागावर तो विखुरतो. तेलाचा थर त्वचेवरचे बारीक खळगे भरतो, म्हणून ती जागा आरशासारखी चमकते. पावडर प्रकाश विखुरते, म्हणून चमक मावळते. पण सगळीच चमक मारली तर चेहरा खडूसारखा सपाट दिसतो. तेव्हा प्रश्न 'चमक हवी की नको' हा नाही, 'चमक कुठे हवी' हा आहे. गालफडांच्या उंचवट्यावर थोडी चमक असली की चेहरा टवटवीत दिसतो. तीच चमक नाकाच्या बाजूंना आणि भुवयांच्या मधे आली की आपण दमलेले दिसतो. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

आधी एक क्रीमची गोष्ट

आता ते दुसरं कारण. मी बारावीत असताना कपाळावर पिंपल्स आणि त्यांचे डाग होते. ओळखीतल्या कुणीतरी एका क्रीमचं नाव सांगितलं. मेडिकलमध्ये गेले, नाव सांगितलं, चिठ्ठी न विचारता ट्यूब मिळाली. आठवड्यात डाग फिके झाले. महिन्यात लोक विचारू लागले, "काय लावतेस गं? किती उजळलीस!" मी खूश. सहा महिने लावत राहिले.

मग एके दिवशी ट्यूब संपली आणि चार दिवस आणायचं राहिलं. चेहरा लालभडक झाला. उन्हात गेलं की आग व्हायची, साध्या पाण्यानेही चुरचुरायचं आणि आधी कधी नव्हते एवढे पिंपल्स आले. ट्यूब पुन्हा लावली की बरं वाटायचं. सोडली की पुन्हा तेच. शेवटी ममा मला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "यात स्टिरॉइड आहे."

स्टिरॉइडची मलमं वाईट नसतात. काही त्वचारोगांवर ती ठरावीक दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं येतात, लव वाढते आणि त्वचेला मलमाची सवय लागते. आपल्या देशात हा प्रकार इतका पसरलाय की त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला स्वतंत्र नावच दिलं आहे : टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड्स 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे ती असलेली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर तरी.

मला पूर्ववत व्हायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी ओढणी तोंडाला बांधून कॉलेजला यायचे हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मी धुळीचं कारण सांगायचे.

हे आता सांगायचं कारण म्हणजे माझी मावसबहीण. जानेवारीत तिचं लग्न झालं. नोव्हेंबरात तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुझी ती क्रीम कुठली होती? दोनच महिने तर लावायची आहे." तिने माझा तो पहिला महिना पाहिला होता, नंतरचे आठ पाहिलेच नव्हते, कारण मी तेव्हा कुठल्याच घरच्या कार्यक्रमाला जात नव्हते. मी तिला सगळं सांगितलं, जुने फोटो दाखवले. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग मेकअप तूच कर माझा. माझ्या रंगात कर."

म्हणून आधी एवढं कराच : घरात चेहऱ्याला लावायची कुठलीही ट्यूब असेल तर तिच्यावरचे घटक वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती डॉक्टरांनी दिलेली नसेल, तर ती मैत्रिणीला देऊ नका. स्वतः बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती कितीही 'आयुर्वेदिक' किंवा 'परदेशी' असली तरी घेऊ नका. गोरं करणाऱ्या काही बेकायदा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे.

२०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. तेव्हापासून मी 'ग्लो' हा शब्द जरा जपूनच वापरते. गोरेपणा आणि तेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावळी त्वचाही तुकतुकीत असते. किंबहुना गालावरची चमक सावळ्या रंगावर जास्त खुलून दिसते.

पाया : धुणं, ओलावा, सनस्क्रीन

तेलकट त्वचेचे लोक दोन चुका करतात. साबणाने दिवसातून पाच वेळा तोंड धुतात आणि मॉइश्चरायझर टाळतात. त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. म्हणून साबणाने धुतलं की चेहरा ताणल्यासारखा होतो. अशा त्वचेवर फाउंडेशन बसत नाही, गालांवर पापुद्रे धरतं आणि नाकावर घसरतं. सौम्य फेसवॉश सकाळ-संध्याकाळ पुरतो.

त्यानंतर जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर. डबीवर ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक ॲसिड असेल तर ते पाणी धरून ठेवतं. तेल आणि पाणी वेगवेगळं असतं हे लक्षात ठेवा : चेहरा तेलकट असूनही त्वचा तहानलेली असू शकते. नायसिनामाइड असेल तर आणखी चांगलं, त्याने तेल थोडं आटोक्यात राहतं. मिश्र त्वचा असेल तर गालांना थोडं जास्त, टी-झोनला अगदी पातळ.

मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. ३० नंबरचं सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरणं अडवतं, ५० नंबरचं सुमारे ९८. म्हणजे नंबरापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची काही सनस्क्रीन आपल्या रंगावर राखेसारखी पांढुरकी दिसतात. तसं होत असेल तर जेलमधलं किंवा रंगछटा असलेलं घ्या. लावल्यावर दहा मिनिटं थांबा. या दहा मिनिटांत केस विंचरा, साडीच्या निऱ्या काढा, पण चेहऱ्याला हात लावू नका. सनस्क्रीन बसण्याआधी वर काही चोळलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या गुठळ्या येतात.

इथवरचं मुलांनाही लागू आहे, बरं का. स्टेजवर घामाघूम होणारे आपले नाट्यविभागवाले वाचत असतीलच.

मेकअप : कमी, पण जागच्या जागी

प्राइमर सगळीकडे लावायचा नाही. नाक, नाकाच्या बाजू, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी, एवढ्यावरच वाटाण्याएवढा दाबून लावायचा. चोळायचा नाही. सिलिकोनचा प्राइमर रंध्रांवरून गुळगुळीत पडदा धरतो. गालांना त्याची गरज नसते.

फाउंडेशनचा रंग हाताच्या मागच्या बाजूवर बघू नका, जबड्याच्या कडेला लावून बघा, आणि तोही दुकानाच्या दिव्यात नाही, दारात येऊन उजेडात. लावल्यावर लगेच निर्णय घेऊ नका. पंधरा मिनिटं फिरून या. तेलकट त्वचेवर तेल रंगद्रव्यात मिसळतं आणि छटा गडद होते. दुकानात जुळलेला रंग घरी येईपर्यंत का बदलतो, त्याचं उत्तर हेच. दुकानातल्या ताई बऱ्याचदा एक छटा उजळ हातात देतात. गोडीत नको म्हणा. मानेचा आणि चेहऱ्याचा रंग वेगळा दिसला की लोकांना चेहरा दिसत नाही, मेकअप दिसतो.

'नैसर्गिक' दिसायचं तर फाउंडेशन थोडंच. स्किन टिंट किंवा हलकं, तेलविरहित फाउंडेशन नाकापासून सुरू करून बाहेर पसरवा. स्पंज भिजवून घट्ट पिळा आणि थोपटत जा. कानांजवळ येईपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असावं. जिथे त्वचा चांगली आहे तिथे ती दिसू द्या.

डाग झाकायला सगळीकडे जाड थर कशाला? त्या डागावर बारीक ब्रशने कन्सीलर ठेवा, मिनिटभर थांबा, मग फक्त कडा पुसट करा. लाल पिंपलवर आधी हिरवट करेक्टरचा ठिपका, कारण रंगचक्रात हिरवा लालच्या समोर असतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात डोळ्यांखालची वर्तुळं निळसर-करडी दिसतात, त्यांना नारिंगी किंवा पीच छटा मारते.

आता क्रम. ओलं आधी, कोरडं नंतर. क्रीम ब्लश बोटांच्या टोकांनी गालफडाच्या वरच्या बाजूला थोपटा. बोटांच्या उष्णतेने ते त्वचेत मिसळतं. लिक्विड हायलायटर घ्यायचा असेल तर त्यात चकमकीचे कण नाहीत ना हे बघा, आणि तो फक्त गालफडाच्या उंचवट्यावर लावा. कपाळ आणि नाकाच्या शेंड्याला दुपारपर्यंत तुमची त्वचा स्वतःच हायलायटर पुरवणार आहे! तिथे विकतचा कशाला? गालांवर पुरळ असेल तर हायलायटर टाळाच, कारण प्रकाश प्रत्येक उंचवटा मोजून दाखवतो.

सगळ्यात शेवटी पावडर, आणि तीही फक्त टी-झोनवर. छोट्या ब्रशवर घ्या, झटका आणि दाबत जा. पावडर दाबली की टिकते, फिरवली की उडते. गाल सोडून द्या. एवढ्या एका गोष्टीने माझा चेहरा खडूचा मुखवटा दिसायचा थांबला. फ्लॅशचे फोटो निघणार असतील तर सिलिकाची पांढरी 'एचडी' पावडर जपून वापरा, फोटोत पांढरे पट्टे येतात. घरी फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा.

काजळ पसरत असेल तर दोष काजळाचा कमी आणि पापणीवरच्या तेलाचा जास्त असतो. आधी पापणी टिश्यूने टिपा, काजळ लावा, मग खालच्या पापणीच्या कडेला कणभर पावडर दाबा. ओठांना टिंट किंवा लिपस्टिक बोटाने थोपटून. शेवटी सेटिंग स्प्रे दोन फवारे, वाळेपर्यंत हसू नका.

दुपारी दोन वाजता

आपल्याकडे, गोव्याच्या दमट हवेत, दुपारी तेल येणारच. तेव्हा पर्समधली पावडर लगेच बाहेर काढू नका. तेलावर पावडर म्हणजे पीठ भिजवणं. आधी ब्लॉटिंग पेपर किंवा साधा टिश्यू दाबून तेल टिपा, पुसू नका. मग गरज वाटली तरच चिमूटभर पावडर. अनेकदा टिपल्यावर आरशात बघाल तर जे उरलं असेल तेच 'तुकतुकीत' असतं.

रात्री कितीही दमलात तरी मेकअप उतरवा. तेलात तेल विरघळतं, म्हणून आधी क्लेन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटर, मग नेहमीचा फेसवॉश. स्पंज आणि ब्रश दर आठवड्याला धुवा. आपला स्पंज आपलाच, रूममेटचा नाही.

रोसच्या दिवशी

मावसबहिणीच्या लग्नाआधी आम्ही चार वेळा सराव केला. पहिल्या वेळी मी पावडर जास्त लावली, ती म्हणाली, "मी आजारी दिसतेय." दुसऱ्या वेळी हायलायटर जास्त झाला. तिसऱ्या वेळी बेस बरा जमला, पण घराबाहेर उन्हात उभं राहिल्यावर मानेशी रंग जुळेना. चौथ्या वेळी तिच्या आईने बघितलं आणि विचारलं, "अजून मेकअप सुरू नाही केलात?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. हवा होता तो हाच निकाल.

लग्नाच्या आदल्या दिवशी रोस होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तुमच्याकडे हळद असते तसं आमच्याकडे नवरीला नारळाचं दूध लावून न्हाऊ घालतात. तेलकट त्वचेची नवरी, आणि वीस-पंचवीस नातेवाईक डोक्यापासून गालांपर्यंत नारळाचा रस चोळतायत! मी फेसवॉश घेऊन बाजूला उभी. पण तिचा चेहरा बघितला आणि फेसवॉशचं विसरून गेले. नखशिखांत तेलकट, केस चिकटलेले, डोळ्यांत रस गेलेला, आणि ती हसत होती. त्या अवस्थेतल्या तिला 'तेलकट' म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी तिची धेडी, म्हणजे करवली होते. मिस संपता संपता तिचं नाक चमकायला लागलं. फोटोंच्या आधी मी गुच्छाच्या आडून टिश्यू पुढे केला. तिने टिपला, मला परत दिला आणि कुजबुजली, "गालाचं राहू दे."

राहू दिलं. फोटो चांगले आलेत. कुणाला बघायचे असतील तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत दाखवते. आणि कुणाच्या घरी ती बारीक अक्षरांची ट्यूब असेल तर तीही घेऊन या, आपण मिळून वाचू. साहित्य मंडळात वाचनच तर करतो ना आपण.